तारेशिवाय चालणारं घर: अमिश पद्धतीचं पाणी, साठवण आणि थंडावा

२९ ऑक्टोबर २०१२ला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं आणि लाखो घरांची वीज गेली. काही ठिकाणी ती यायला आठवड्याहून जास्त वेळ लागला. न्यू जर्सीतल्या एडिसनकडची मराठी माणसं सुट्टीच्या दिवशी सहज फिरायला जातात तो पेनसिल्व्हेनियातला लँकेस्टर काउंटीचा अमिश भाग, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा भाग, तिथून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. तिथल्या शेतघरांत वीज जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण घरात तार आलेलीच नाही. सार्वजनिक विजेची जोडणी घ्यायची नाही, असं तिथल्या अमिश लोकांनी १९२०च्या सुमारास ठरवलं आणि ते आजवर पाळलं.

याचा अर्थ ते यंत्रं वापरत नाहीत असा नाही. डिझेल इंजिन, प्रोपेन गॅस, बॅटरी, हवेवर चालणारी अवजारं हे सगळं बहुतेक अमिश वस्त्यांत दिसतं. कुठली गोष्ट चालेल आणि कुठली नाही, हे प्रत्येक मंडळीचा (एकत्र प्रार्थना करणाऱ्या कुटुंबांच्या गटाचा) 'ओर्डनुंग', म्हणजे आपापसांत ठरलेला नियम, सांगतो. स्वार्ट्झेनट्रुबर नावाचा कडक गट गॅसचा फ्रिजही घेत नाही, तर लँकेस्टरमधल्या एखाद्या घराच्या छपरावर सौर पॅनेल असतं. आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे. पाणी, अन्न, थंडावा, उजेड यांतल्या प्रत्येकाचा उगम घराजवळ असतो, बिघाड शेजारच्या गावातला माणूस दुरुस्त करू शकतो, आणि व्यवस्था रोजच्या वापरात असते. अडगळीत ठेवलेला जनरेटर नेमका हवा त्या दिवशी सुरू होत नाही, कारण त्यातलं पेट्रोल वर्षभर बसून खराब झालेलं असतं.

पाणी: इंजिनाशिवाय वर चढणारं

अमिश शेतांवर पाणी उपसायचे बरेच प्रकार दिसतात: पवनचक्की, हातपंप, हवेच्या दाबावर चालणारा पंप, आणि लँकेस्टरमध्ये ओढ्यातलं छोटं पाणचक्र. हे चक्र खांबांवरून नेलेली लांब तार पुढे-मागे ओढतं आणि दूर घराजवळच्या पंपाचा दांडा हलवतं. पण कोणालाही स्वतः बसवता येईल, इंधन लागणार नाही आणि रात्रंदिवस चालेल असा एकच आहे, तो म्हणजे हायड्रॉलिक रॅम. आपल्याकडे त्याला हायड्रम म्हणतात. फ्रान्सच्या मोंगोल्फिए याने १७९६मध्ये स्वतःहून चालणारा रॅम बनवला, त्यानंतर त्याच्या रचनेत फारसा बदल झालेला नाही.

उतारावरून नळीतून वेगाने येणारं पाणी एका उघड्या झडपेतून बाहेर पडत असतं. वेग वाढला की तेच पाणी ती झडप फटकन बंद करतं. धावत्या पाण्याला अचानक अडवल्यामुळे दाबाचा धक्का बसतो, तो दुसरी, एकाच दिशेने उघडणारी झडप ढकलतो आणि थोडं पाणी हवेच्या डब्यात शिरतं. दाब उतरला की पहिली झडप वजनाने पुन्हा खाली पडते. असं मिनिटाला ४० ते ६० वेळा होतं. डब्यातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि पाणी वरच्या टाकीकडे सलग ढकलत राहते.

आधी तीन मापं घ्या: झऱ्याचा प्रवाह (बादली आणि घड्याळाने), झऱ्यापासून पंपापर्यंतचा उतार, आणि पंपापासून टाकीपर्यंतची उंची. उंची पंपापासूनच मोजायची, झऱ्यापासून नाही. इथे बरेच जण चुकतात. मग:

वर जाणारं पाणी = प्रवाह × उतार × ०.६ ÷ उंची (०.६ म्हणजे पंपाची कार्यक्षमता)

मिनिटाला ४० लिटर प्रवाह, २ मीटर उतार, १२ मीटर उंची धरली तर ४ लिटर मिनिटाला वर जातं, म्हणजे दिवसाला ५,७६० लिटर. उरलेलं ३६ लिटर ओढ्यात परत जातं. ते वाया गेलं असं वाटतं, पण तीच या पंपाची किंमत आहे. एका घराला आणि दोन-चार जनावरांना एवढं पाणी पुरून उरतं. झडपा झिजल्या की ०.६चं ०.५ किंवा त्याहून कमी होतं, म्हणून हिशोब काठावर ठेवू नका.

या मापाला लागणारं साहित्य: झऱ्यापासून पंपापर्यंतच्या उताराला दोन इंची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पाइप १० मीटर (उताराच्या पाचपट, तीनपटीपेक्षा कमी नको), वर जाणारी एक इंची पाइप, पितळी एनआरव्ही (ती एकाच दिशेने उघडणारी झडप), वजन लावता येईल अशी बाहेर टाकणारी झडप, तीन-चार लिटरचा हवेचा डबा, जाळी, आणि वरच्या लाइनवर एक कॉक. उताराची पाइप लोखंडीच हवी. काळी प्लास्टिकची नळी स्वस्त पडते, पण ती प्रत्येक धक्क्याला फुगते आणि दाब स्वतःच गिळून टाकते. पंप ठकठक करतो आणि पाणी चढत नाही. वरच्या लाइनला मात्र प्लास्टिक चालतं. पाइप सरळ ठेवा. वाटेत कुबड आलं तर तिथे हवा अडकते.

पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीखाली निदान ३० सेंटिमीटर असावं. त्यापेक्षा वर असेल तर भोवरा होऊन हवा ओढली जाते. पंप काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टने पक्का करा. नुसता दगडावर ठेवलेला रॅम पंधरवड्यात जोड ढिले करतो. पेनसिल्व्हेनियात जमीन गोठते म्हणून वर जाणारी लाइन तीन-साडेतीन फूट खोल पुरतात.

सुरू करताना वरचा कॉक जवळजवळ बंद ठेवा आणि बाहेर टाकणारी झडप हाताने २०-३० वेळा दाबा. वरच्या पाइपात पाणी भरून उलटा दाब तयार झाला की पंप आपोआप ठोके घेऊ लागतो, मग कॉक हळूहळू उघडा.

नेहमीचा बिघाड आवाजावरून कळतो. मऊ 'ठप-ठप'च्या जागी लोखंडावर हातोडा मारल्यासारखा कर्कश आवाज आला, तर डब्यातली हवा संपली आहे. पाणी दबत नाही, त्यामुळे धक्का थेट पाइपला बसतो आणि दोन-चार दिवसांत जोड फुटतो. हवा पाण्यात विरघळून थोडी थोडी जातच असते. ती भरून निघावी म्हणून एनआरव्हीच्या जरा खाली दीड मिलिमीटरचं भोक पाडतात. प्रत्येक ठोक्याला त्यातून पाण्याची बारीक पिचकारी उडते आणि मागोमाग हवेचा एक बुडबुडा आत जातो. ते भोक गाळाने बुजलं की हा त्रास सुरू होतो. सुई फिरवली की काम होतं. भोक नको असेल तर डब्यात सायकलची थोडी फुगवलेली ट्यूब घालतात.

बाहेर टाकणारी झडप उघडीच राहिली तर प्रवाह कमी पडतोय किंवा तिचं वजन जास्त आहे. वॉशर काढून हलकी करा. बंदच राहिली तर एनआरव्हीत काडीकचरा अडकलाय किंवा वरून उलटा दाब नाही. ठोके नीट पडतात पण वर थेंब नाही, असं असेल तर एनआरव्हीचं रबर झिजलंय. ते रबर टायरच्या तुकड्यातून कापता येतं.

सह्याद्रीत हे करायचं तर प्रवाह मे महिन्यात मोजा. पावसाळ्यात खळाळणारे बरेच झरे मार्च-एप्रिलला आटतात, आणि श्रावणात घेतलेल्या मापावर बसवलेला पंप उन्हाळ्यात मुका होतो.

टाकी घरापेक्षा वर असली की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. दहा मीटर उंचीला साधारण १ किलो दाब मिळतो, स्वयंपाकघराच्या नळाला तीन-चार मीटरही पुरतात.

बरण्या: शिट्टीच्या कुकरवर भिस्त नको

अमिश घराच्या तळघरात हिवाळ्याच्या तोंडाला शेकडो बरण्या भरलेल्या असतात: फरसबी, मका, पीच, टोमॅटो, मांस, सूप. यांतलं आंबट काय आणि आंबट नसलेलं काय, हा फरक आधी डोक्यात पक्का बसवा. सामू (पीएच) ४.६ पेक्षा कमी असलेलं, म्हणजे बहुतेक फळं, लोणची, जॅम, उकळत्या पाण्यात सुरक्षित होतं. भाज्या, कडधान्यं आणि मांस होत नाही. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत. हवाबंद, आंबट नसलेल्या बरणीत ते जागे होऊन विष बनवतात, आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. बीजाणू मारायला ११६ अंश तापमान लागतं, ते फक्त दाबाखालच्या वाफेत मिळतं. काही अमिश घरांत मांसाच्या बरण्या अजून तीन तास नुसत्या उकळतात. ही चाल त्यांच्याकडून घेण्यासारखी नाही.

टोमॅटो काठावरचा आहे. एक लिटरच्या आसपासच्या बरणीत बाटलीतला लिंबूरस दोन मोठे चमचे, अर्ध्या लिटरच्या बरणीत एक. ताज्या लिंबाची आंबटाई कमी-जास्त असते, म्हणून बाटलीतला.

फरसबीची पद्धत, एका घाण्याला सात मोठ्या (९४६ मिलि) बरण्यांची:

१. सहा-साडेसहा किलो कोवळी फरसबी धुऊन, टोकं काढून इंचभर तुकडे करा. बरणीच्या काठाला चिरा नाहीत ना, हे बोट फिरवून पाहा.

२. बरण्या भरून वरून उकळतं पाणी ओता. काठाखाली एक इंच जागा सोडा. कमी सोडली तर उकळून बाहेर येतं आणि झाकणाखाली कण अडकतात, जास्त सोडली तर आतली हवा पूर्ण निघत नाही.

३. आतले बुडबुडे लाकडी काडीने काढा, काठ ओल्या फडक्याने पुसा, झाकण ठेवून कडी (झाकण धरून ठेवणारं आट्यांचं कडं) हाताने बसेल इतकीच फिरवा. जोर लावून आवळली तर हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि झाकण वाकतं.

४. कॅनरमध्ये, म्हणजे बरण्यांसाठीच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, तळाला जाळी, दोन-तीन इंच पाणी. झाकण लावून वजन न ठेवता सलग वाफ १० मिनिटं सोडा. ही पायरी टाळली तर आत हवा राहते. काटा दाब दाखवतो, पण तापमान तेवढं नसतं.

५. वजन ठेवा. दाब १० पौंडांवर आल्यावर घड्याळ लावा: मोठ्या बरणीला २५ मिनिटं, अर्ध्या लिटरच्या बरणीला २०. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांच्या वर १५ पौंडांचं वजन लागतं. ओहायोतल्या होम्स काउंटीच्या अमिश टेकड्यांवर लागतं आणि पुण्यातही लागेल. मधेच दाब उतरला तर वेळ पहिल्यापासून मोजायची.

६. आच बंद करा आणि हात लावू नका. दाब आपोआप उतरू द्या. वरून गार पाणी ओतलं तर बरणीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. १२ ते २४ तासांनी कडी काढून झाकणाचा मध्य दाबून पाहा. टकटक वर-खाली झालं तर बरणी बंद झालेली नाही, ती त्या दिवशीच खाऊन टाका.

कडी काढूनच बरण्या फळीवर ठेवतात. कडीने घट्ट धरलेलं झाकण आतून सुटलं तरी दिसत नाही.

मांसाच्या मोठ्या बरणीला हाच वेळ ९० मिनिटं. आपल्या घरातला कुकर या कामाला वापरू नका. त्याचं वजन १५ पौंडांच्या आसपास असतं हे खरं, पण भांडं लहान असल्याने ते भराभर तापतं आणि निवतं, आणि कॅनिंगच्या (बरण्या अशा हवाबंद करण्याच्या) वेळा मोठ्या भांड्याचा तापण्या-निवण्याचा काळ धरून ठरवलेल्या असतात. निदान चार मोठ्या बरण्या उभ्या राहतील एवढं भांडं हवं. खाण्याआधी भाजीची किंवा मांसाची बरणी १० मिनिटं उकळून घ्यावी, उंचीवर दर हजार फुटांना एक मिनिट जास्त.

या सगळ्या व्यवस्थेतला कच्चा दुवा म्हणजे ते पातळ, एकदाच वापरायचं झाकण. २०२०मध्ये अमेरिकेत घरोघरी कॅनिंग सुरू झालं आणि झाकणं दुकानांतून गायब झाली. दोन हंगामांची झाकणं आधीच घेऊन ठेवा.

तळघरातल्या कच्च्या मालाचं थोडक्यात: बटाटे-गाजरं अंधारात, गारव्यात आणि ओलसर हवेत; कांदा-लसूण कोरड्यात; भोपळा १० ते १५ अंशांत, कोरडा. सफरचंदं बटाट्यांपासून दूर. त्यांतून निघणाऱ्या इथिलिन वायूने गाजरं कडू होतात आणि बटाट्यांना कोंब फुटतात. हवा आत येणारी नळी जमिनीलगत, बाहेर जाणारी छताला.

थंडावा: बर्फघर आणि गॅसचा फ्रिज

कडक गटांत जानेवारी-फेब्रुवारीत तळ्यावरचा बर्फ कापतात. माणसाने त्यावर चालायला निदान १० सेंटिमीटर जाडीचा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ लागतो, पांढुरका असेल तर दुप्पट. कापायला २५-३० सेंटिमीटर बरा. ३० बाय ४५ सेंटिमीटरचा, ३० जाडीचा ठोकळा साधारण ३७ किलो भरतो, दोघांना उचलता येईल असा. तीन मीटर लांब-रुंद आणि अडीच मीटर उंच रास म्हणजे सुमारे २० टन. यापेक्षा फार लहान रास उन्हाळा काढत नाही, कारण आकार कमी झाला की आकारमानाच्या मानाने उघडा पृष्ठभाग वाढतो.

ठोकळे फट न ठेवता रचायचे, फटींत बर्फाचा चुरा भरायचा. भोवती आणि वर निदान एक फूट कोरडा लाकूडभुसा. हल्ली जाड फोमच्या भिंतीही करतात. तळाला निचरा हवाच, कारण वितळलेल्या पाण्यात उभा राहिलेला बर्फ भराभर जातो. पण निचऱ्याच्या पाइपला बेसिनखाली असतो तसा वाक द्या. नाहीतर थंड जड हवा त्याच पाइपातून निघून जाते आणि वरून गरम हवा आत येते. ओला झालेला भुसा काढून बदला. १० किलो बर्फ पूर्ण वितळताना जवळजवळ एक युनिट विजेइतकी उष्णता शोषतो, त्यावरून आपल्या बर्फाच्या पेटीला रोज किती बर्फ लागेल ते काढता येतं.

गॅसच्या फ्रिजात हलणारा भागच नसतो, एक ज्योत आणि अमोनियाचं चक्र. तो अगदी पातळीत बसवावा लागतो, कललेला असला की चक्र थांबतं. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की बर्नरवर काजळी आहे आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतोय. १९३३ ते १९५७ दरम्यानचे जुने सर्व्हेल कंपनीचे गॅसचे फ्रिज याच विषारी वायूमुळे बदनाम झाले. जुन्या बाजारात स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा गजर गॅस, मँटलचा दिवा किंवा लाकडाची शेगडी असलेल्या प्रत्येक घरात हवा.

हवा, उजेड, आच

हवेच्या दाबाला अमिश लोक गमतीने आपली वीज म्हणतात. शेडमधलं डिझेल इंजिन कॉम्प्रेसर फिरवतं, मोठ्या टाकीत ७-८ किलो दाबाची हवा साठते, आणि पाइपातून ती सुताराच्या करवतीपासून शिलाई यंत्रापर्यंत पोचते. इंजिनाच्या १०० भाग शक्तीतले जेमतेम १०-१५ अवजारापर्यंत येतात. तरीही ते चालवून घेतात, कारण हवेची मोटर अडकली तरी जळत नाही आणि गावातला कारागीर ती खोलून बसवू शकतो. नवीन बसवणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. पाइप पीव्हीसीची नको. हवेच्या दाबाखाली ती काचेसारखी फुटते आणि तुकडे उडतात. आणि प्रत्येक फाटा मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढा, मुख्य पाइपला उतार देऊन टोकाला ड्रेन कॉक ठेवा. नाहीतर साचलेलं पाणी थेट अवजारात जातं आणि हिवाळ्यात गोठतं.

उजेडासाठी हल्ली बऱ्याच घरांत ड्रिलच्या बॅटरीवर लागणारे एलईडी दिवे आलेत. शेगडीचं लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळं ठेवून वर्षभर वाळवा. ओलं लाकूड धुराड्यात डांबर साचवतं आणि एक दिवस तेच डांबर पेट घेतं.

जे अमिशांनाही पुरत नाही

डिझेल आणि प्रोपेन ट्रकनेच येतं. दूध विकणाऱ्या शेतावर मोठी थंड टाकी इंजिनावर चालते आणि टँकर आला नाही तर दूध ओतून द्यावं लागतं किंवा लोणी-चीज करावं लागतं. डिझेलच्या टाकीत पाणी साचून शेवाळासारखा चिकटा वाढतो, म्हणून टाकी भरलेली ठेवतात, तळाचं पाणी वरचेवर काढतात आणि जास्तीचा एक फिल्टर इंजिनाजवळच टांगलेला असतो.

माणसांची जुळवाजुळवही आधीपासून झालेली असते. एका मंडळीत साधारण २० ते ४० कुटुंबं असतात. प्रार्थनेसाठी वेगळी इमारत नसते, पाळीपाळीने एकेका घरी जमतात, त्यामुळे सामायिक बाकं आणि ताट-वाट्या भरलेली घोडागाडी या घरून त्या घरी फिरत असते. आपल्याकडे मंडळाची मोठी पातेली आणि सतरंज्या असतात तसंच हे. दीड-दोनशे माणसांना एका जागी बसवून जेवू घालायचं सामान पंधरा दिवसांनी एकदा वापरात येतं, त्यामुळे कोणाचं कोठार जळालं की दुसऱ्या दिवशी मदतीला जमलेल्यांची पंगत बसवायला काही शोधावं लागत नाही. विम्याऐवजी नुकसानीची वर्गणी मंडळीत गोळा होते. तुमच्या सोसायटीत किंवा वाडीत हे सुरू करायचं तर कोणाकडे मोठा गॅस बर्नर आहे, विहिरीवर रहाट-दोर शाबूत आहे का, कोणाला पंपाचं रबर बदलता येतं, याची यादी करा आणि दर गणपतीत तेच सामान वापरून पाहा. ज्याचा नट गंजलाय ते तेव्हाच कळतं.